राजापूर ते सावंतवाडी : चित्रांच्या मागावर चार दिवस

पहिला दिवस : अणुस्कुरा उतरून राजापुरात

सांगलीहून पहाटे साडेपाचला निघालो. मी आणि माझा भाचा ओंकार. तो कोल्हापुरात कमर्शियल आर्ट शिकतो, मी गेली एकोणीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवते. शहरांतल्या मोठमोठ्या भिंती रंगवणाऱ्या चित्रकारांचं त्याला वेड आहे. मोबाइलमध्ये त्यांचेच फोटो. "मावशी, आपल्याकडे असं काही नाहीच गं," असं तो दिवाळीत म्हणाला आणि ते माझ्या मनात राहिलं. डिसेंबरात चार दिवस जुळवले नि म्हटलं, चल, माझ्या आजोळी. तू भिंतीवरची चित्रं बघतोस ना, तुला जमिनीवरची दाखवते.

मलकापूर मागे टाकून अणुस्कुरा घाट उतरायला लागलो आणि हवा बदलली. पाचलला चहा, ओणीला हायवे, आणि अकराच्या सुमारास राजापूर. मामाचं घर बाजारपेठेच्या वरच्या अंगाला आहे. चिऱ्याच्या पायऱ्या चढून जायचं, मग अंगण, मग पडवी. मामाचं वय आता ऐंशीच्या पुढे. दारातच म्हणाला, "आलीस? आधी पेज घ्या दोघं, मग काय ते बघा." उकड्या तांदळाची पेज, वर तुपाचा थेंब, बाजूला आंब्याचं लोणचं. ओंकारने तीन वाट्या घेतल्या.

दुपारी बाजारात उतरलो. राजापूर हे उतारावरचं गाव. सगळ्या गल्ल्या शेवटी पाण्याकडेच जातात. अर्जुना आणि कोदवली या दोन नद्या इथे भेटतात, आणि पावसाळ्यात जवाहर चौकात पाणी भरतं हे इथल्या व्यापाऱ्यांना पंचांगासारखं पाठ आहे. एका कापडदुकानदाराने स्वतःच्या छातीशी तळहात आडवा धरून दाखवला, "इथवर येतं, ताई." मग वरच्या फळ्या दाखवल्या. चतुर्थीच्या आधीचे दोन महिने माल तिकडेच असतो.

एके काळी याच खाडीतून गलबतं गावापर्यंत यायची. इंग्रजांची वखार इथे होती. १६६० मध्ये शिवाजी महाराज पन्हाळ्यावर सिद्दी जौहरच्या वेढ्यात असताना राजापूरच्या इंग्रजांनी जौहरला तोफांची मदत केली. महाराज ते विसरले नाहीत. १६६१ मध्ये राजापूर लुटलं, वखारवाल्यांना धरून नेलं आणि त्यांची सुटका व्हायला १६६३ उजाडलं. पुढे खाडी गाळाने भरत गेली आणि बंदराचं महत्त्व संपलं. आज नदीच्या काठाने चालताना हे बंदर होतं हे कुणी सांगावं लागतं. घरं मात्र अजून सांगतात. जाड चिऱ्यांच्या भिंती, रस्त्याकडे उघडणाऱ्या ओट्या, वर लाकडी सज्जा, कौलांवर शेवाळाचा काळा थर. एका बंद घराच्या दारावर चौकटभर कोरलेली वेल होती. मधोमध गणपती. कुलूप गंजलेलं. ओंकार तिथे उभा राहून वेलीची एकेक पानं मोजत होता. पाटीवर नाव नव्हतं, घर कुणाचं ते कळलं नाही.

संध्याकाळी धोपेश्वरला गेलो. मृडानी नदीच्या काठाला धूतपापेश्वराचं देऊळ. लाकडी खांब, कौलारू उतरतं छप्पर, शेजारी कातळावरून पडणारं पाणी. पावसाळ्यात धबधब्याचा एवढा आवाज असतो की शेजारच्याशी बोलता येत नाही. डिसेंबरात ती धार बारीक झालेली, पण त्यामुळेच सभामंडपात बसून नदी ऐकू येते. जवळच्या उन्हाळे गावात अधूनमधून प्रकटणारी झऱ्यांची गंगा या खेपेला आलेली नव्हती, चौदाही कुंडं कोरडी असल्याचं मामाने आधीच सांगितलं होतं. म्हणून तिकडे गेलो नाही.

दुसरा दिवस : भर दुपारी काही दिसत नाही

बारसूच्या सड्यावर आम्ही साडेअकराला पोचलो. ही चूकच झाली, पण त्या चुकीतून मला जे कळलं ते सांगायलाच हवं.

सडा म्हणजे जांभ्याचं पठार. मैलोगणती सपाट, काळपट कातळ, मधे सुकलेलं पिवळं गवत. कातळशिल्पं म्हणजे याच कातळात खोदलेल्या रेषा. आम्ही शिल्पाच्या अगदी कडेला उभे होतो आणि डोक्यावरच्या उन्हात समोर फक्त खडबडीत दगड दिसत होता. ओंकार म्हणाला, "मावशी, हेच का?" त्याच्या आवाजात निराशा होती. मी मामाला फोन लावला. मामा म्हणाला, "अगो, दुपारी सड्यावर काय दिसणार? ऊन तिरपं लागतं त्याला. सकाळी जा नाहीतर दिवस कलल्यावर."

किती साधी गोष्ट. रेषा खोदलेली आहे, तिच्यात सावली पडली तरच ती दिसणार. एकोणीस वर्षं मी मुलांना छायाप्रकाश शिकवते आहे!

मग दुपार देवळांना दिली. आधी आडिवऱ्याची महाकाली. आवारात महासरस्वती, महालक्ष्मी, योगेश्वरी अशी देवतांची मांदियाळी आहे. तिथून कशेळीला कनकादित्य. सूर्याची देवळं आपल्याकडे मोजकी, त्यातलं हे एक. मूर्ती सौराष्ट्राकडून गलबतातून आली, गलबत इथल्या समुद्रात अडलं, तेव्हा मूर्ती किनाऱ्यावरच्या गुहेत ठेवली आणि पुढे कनका नावाच्या गावातल्या एका बाईला दृष्टांत झाला, अशी कथा. म्हणून देवाचं नाव कनकादित्य. शिलाहार राजा दुसऱ्या भोजाचा ११९१ सालचा ताम्रपट या गावाचा आहे. म्हणजे आठशे वर्षांपूर्वीही कशेळी हे नोंद घेण्याजोगं गाव होतं. सभामंडपातलं लाकूडकाम बघायला मान वर करून बसलो. पुजाऱ्यांनी आपणहून दिवा लावून दिला. माघातल्या रथसप्तमीला या, तेव्हा खरा उत्सव, असं सांगितलं.

पावणेपाचला कशेळीच्या सड्यावर गेलो. वाट दाखवायला गावातला एक शाळकरी मुलगा सायकल टाकून बरोबर आला.

आधी एक वाकडी रेषा दिसली. बोटभर खोल, चार बोटं रुंद. तिच्यात माती साचलेली आणि मातीत गवताच्या काड्या. मी खाली बसून त्यात हात घातला. कातळ दिवसभर तापलेला, रेषेचा तळ मात्र गार. कडा गुळगुळीत झालेल्या, पण मधे मधे बारीक खळगे हाताला लागत होते. हे लोखंडाने खोदलंय की दगडाने, मला सांगता येणार नाही, पण कुणीतरी इथे गुडघे टेकून, माझ्यासारखंच खाली वाकून, घाव घालत बसलं होतं एवढं हाताला कळतं. मग मी रेषेबरोबर चालायला लागले. चालते आहे, चालते आहे, रेषा वळते, परत जाते. ओंकार दुसऱ्या बाजूने चालत होता. सूर्य आणखी खाली गेला तसे सगळे चर एकदम काळे भरले आणि तो ओरडला, "मावशी, सोंड! तू सोंडेवर उभी आहेस!"

तो हत्ती साधारण १८ मीटर लांब आणि १३ मीटर रुंद आहे. कोकणातल्या कातळशिल्पांमधली ही सर्वांत मोठी आकृती. आणि त्याच्या पोटात आणखी चित्रं आहेत, जलचर आहेत, प्राणी आहेत. हत्तीच्या आत सगळी सृष्टी. ज्याने हे काढलं त्याला उंचावरून बघायची सोय नव्हती. अख्खा हत्ती त्याच्या डोक्यात होता आणि हात जमिनीवर होता. ओंकार बराच वेळ बोललाच नाही.

रत्नागिरीच्या सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांच्या सोबत्यांनी गावोगाव, सड्यासड्यांवर पायी फिरून ही शिल्पं शोधली, नोंदवली. रत्नागिरी-सिंधुदुर्गात मिळून पंधराशेहून अधिक आकृत्या आहेत. मध्याश्मयुगापासून आद्य ऐतिहासिक काळापर्यंतचा त्यांचा पल्ला मानला जातो. कोकणात आज नसलेला गेंडासुद्धा त्यांत आहे. २०२२ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत उक्षी, जांभरूण, कशेळी, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू, देवाचे गोठणे, कुडोपी आणि गोव्याचं फणसाईमाळ अशा नऊ जागा गेल्या. पण यादी म्हणजे कुंपण नव्हे. सड्यावरचा हाच जांभा चिरेखाणीत कापून घरांसाठी विकला जातो. त्याच सड्यावर कलमांच्या बागा लागतात आणि रस्ते होतात. माझ्या आजोळचं घरही चिऱ्याचंच आहे. कुठल्या सड्याचा चिरा होता तो, हा विचार त्या रात्री झोपेपर्यंत गेला नाही.

त्या सायकलवाल्या मुलाला विचारलं, हे कुणी काढलं? तो म्हणाला, "पांडवांनी." विचार न करता, चटकन. या चित्रांची मूळ गोष्ट हरवली आहे. तिच्या जागी त्याने त्याच्याकडे होती ती ठेवली.

तिसरा दिवस : पिंगुळीची पोथी आणि रात्रीचा दशावतार

पहाटे मामाला नमस्कार करून निघालो आणि सूर्योदयाला पुन्हा बारसू गाठलं. रिफायनरीच्या आंदोलनामुळे २०२३ मध्ये हे नाव घराघरांत पोचलं, पण त्या सकाळी सड्यावर आम्ही दोघं आणि टिटव्या एवढेच होतो. आदल्या दिवशी जिथे काही दिसलं नव्हतं तिथे आता मधे माणूस उभा आणि दोन अंगांना दोन वाघ. ओंकारने वहीत उतरवून घेतलं. फोटो एकही काढला नाही.

तिथून हायवेने कणकवली, कुडाळ. कुडाळात आधी फोनवर सांगून ठेवलेली खोली दुसऱ्याच कुणाला देऊन टाकलेली. राग आला, पण मामाच्या ओळखीच्या एका घरी माडीवर जागा मिळाली आणि काकूंनी पानात कुळथाची पिठी वाढली, तेव्हा राग विसरले.

दुपारी पिंगुळी. मुंबई-गोवा हायवेला लागूनच. इथल्या गुढीपूरात ठाकर समाजाची वस्ती आहे आणि चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या बाहुल्यांचा सावल्यांचा खेळ, पांगुळ, राधानृत्य अशा कितीतरी कला या एका समाजाने सांभाळल्या आहेत. सावंतवाडीच्या राजघराण्याचा त्यांना आश्रय होता. परशुराम गंगावणे यांनी आपल्या घरच्या गुरांच्या गोठ्यात याचं संग्रहालय उभं केलं. नाव 'ठाकर आदिवासी कला आंगण'. २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. गोठ्यातलं संग्रहालय हे ऐकायला लहान वाटतं, पण मी पाहिलेल्या मोठमोठ्या कलादालनांत चित्रांना एवढं घरचं माणूस मिळालेलं नाही.

चित्रकथीची पोथी म्हणजे सुट्या चित्रांचा गठ्ठा. दोन चित्रं पाठीला पाठ चिकटवलेली. सांगणारा एकेक चित्र उभं धरतो आणि गात, बोलत रामायण-महाभारतातली कथा पुढे नेतो. सोबत वीणा, टाळ आणि हुडूक हे छोटं चर्मवाद्य. अशा शैलीची चित्रं पैठणच्या नावानेही ओळखली जातात. आमच्यासमोर एका कलाकाराने युद्धाचा प्रसंग लावला. मी पुढे सरकून बसले. चेहरे सगळे एका बाजूने काढलेले, पण डोळा समोरून बघावा तसा पूर्ण, मोठा, माशासारखा. राजाच्या अंगरख्यावर ठिपके, ठिपक्यांत आणखी ठिपका. आणि बाण! दोन रथांमधली सगळी जागा बाणांच्या रेषांनी भरलेली. एकही रेष दुसरीला चुकून लागलेली नाही. मी वर्गात नेहमी सांगते की चित्रात मोकळी जागा ठेवा. इथे मोकळ्या जागेतच लढाई चालली होती.

पण हे मी चित्र बघून म्हणते आहे. कलाकाराने हुडुकावर थाप मारली, आवाज चढवला आणि मग ते बाण सुटले. आधी ते नुसते काढलेले होते.

मी विचारलं, गोष्ट न सांगता नुसती चित्रं बघायला लोक येतात का? मालवणीतच उत्तर आलं : "येतत ना. पण कथा नाय सांगितली तर चित्राक कोण बघतलो?"

कशेळीच्या हत्तीचा हुडूक कुणी वाजवला असेल, असं मला त्या क्षणी वाटून गेलं. कुणीतरी त्या रेषेवरून चालत चालत गोष्ट सांगितली असणार. ओंकारला बोलून दाखवलं तर तो म्हणाला, "म्हणूनच एवढा मोठा काढला असेल. सगळा गाव आत उभा राहायला." पुरावा काही नाही. आमचं आपलं बोलणं.

रात्री काकूंनी विचारलं, "जत्रेक येतास?" मार्गशीर्ष म्हणजे सिंधुदुर्गात जत्रांचे दिवस. जवळच्याच गावात जत्रा होती. देवळाच्या आवारात खाज्याची दुकानं, गूळ-आल्याचा वास, केळी-नारळाच्या ओट्या, पालखीची प्रदक्षिणा. बाराच्या पुढे दशावतार सुरू झाला. इथे याला धयकालो म्हणतात. आधी आडदशावतार, म्हणजे पूर्वरंग. गणपती, सरस्वती, मग वेद पळवणारा संकासुर. काळा वेश, बोलण्यात मालवणी, आणि अंगणातली सगळी पोरं त्याच्या मागे. त्यानंतरचं आख्यान पहाटेपर्यंत चाललं. लिहिलेली संहिता नसते. कथा ठरलेली, संवाद मात्र नट उभ्या उभ्या रचतो. पायपेटी, पखवाज आणि झांज बाजूला बसलेली. मागच्या बाजूला एक नट कंदिलाएवढ्या उजेडात, हातातल्या छोट्या आरशात बघून स्वतःच्या भुवया काढत होता. बाईची भूमिका होती त्याची. डाव्या भुवईची कमान एका दमात ओढली, उजवी जरा थांबून. मग पेटाऱ्यातून शालू काढला, नेसला, आणि उभा राहिला तेव्हा खांद्याची ठेवणच बदललेली होती. ओंकार सकाळी म्हणाला, "तो बारसूचा माणूस आणि हा, दोघांना काढायला मला एकच रेष लागली."

चौथा दिवस : सावंतवाडी, चितारआळी आणि गोल पानं

झोप जेमतेम तीन तास. तरी सावंतवाडीत मोती तलावाच्या कट्ट्यावर बसून चहा घेतला आणि थकवा उतरला. तलावाच्या काठाने गाव वसलंय. एका बाजूला राजवाडा, मागे नरेंद्र डोंगराची हिरवी भिंत.

उभा बाजारातून चितारआळीत गेलो. चितार हे रंगाऱ्यांचं, लाकूडकाम करणाऱ्यांचं नाव, त्यावरून आळी. दुकानांच्या दारात लाकडी फळांच्या परड्या : हापूस, काजू, सीताफळ, कारलं. पांगाऱ्याचं लाकूड हलकं, कोरायला सोपं. त्यावर रंग, वर लाखेची चकाकी. पाट, चौरंग, भातुकली, भोवरे. माझ्या लहानपणची भातुकली इथलीच होती, हे मला त्या वासाने सांगितलं. एका दुकानात आजोबा लेथवर भोवरा फिरवत होते. फिरत्या लाकडावर लाखेची कांडी टेकवली की घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून रंगाची कडी आपोआप बसते. हात हलतो तो फक्त कांडी उचलण्यापुरता. आता बाहेरून येणाऱ्या प्लास्टिकच्या खेळण्यांपुढे हे टिकवणं कठीण जातंय, असं त्यांनी सांगितलं. मी जमेल तेवढं घेतलं. कोकणात जाणाऱ्या प्रत्येकाने घ्यावं, असं मला मनापासून वाटतं. एक भोवरा घेतला तरी चालेल.

मग राजवाडा. तिसऱ्या खेमसावंतांच्या काळात, अठराव्या शतकात उभा राहिलेला. दरबार हॉलमध्ये कारागीर बसून गंजिफा रंगवतात. गंजिफा म्हणजे खेळायचे पत्ते, पण गोल. दशावतारी गंजिफात १२० पानं : दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक ते दहा. मत्स्याची खूण मासा, कूर्माची कासव, परशुरामाची परशू, कृष्णाची गाय. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला शिवरामराजे भोसले आणि राणी सत्वशीलादेवी यांनी या कलेला हात दिला. तेव्हा रंगवणारे हात मोजकेच उरले होते. स्वतः राजे-राणी शिकले आणि इतरांना शिकवलं. आज सावंतवाडीच्या गंजिफाला भौगोलिक मानांकनही आहे.

एक ताई नरसिंह रंगवत होत्या. जुन्या पद्धतीत पान चिंचोक्याच्या खळीने कडक करत, मग रंग, शेवटी लाख. कुंचल्याचं टोक चार केसांएवढं. त्यांनी श्वास रोखला, आयाळीची एक रेष ओढली, श्वास सोडला. पुन्हा श्वास रोखला. मी मोजत होते. अकरा रेषा, अकरा श्वास. आदल्या रात्री अंगणात गर्जना करणारं ते सगळं इथे रुपयाच्या जुन्या नाण्याहून थोड्या मोठ्या वर्तुळात मावत होतं.

मला वाटायचं, गंजिफा आता फक्त काचेच्या कपाटात ठेवायला. मी तसं म्हटलंही. ताईंनी कुंचला खाली ठेवला आणि खेळ समजावून सांगितला. तिघांचा डाव, प्रत्येकी चाळीस पानं. पाच रंगांत राजा-प्रधानानंतर दहा मोठा, उरलेल्या पाचांत एक्का मोठा. दिवसा खेळायला बसलं तर ज्याच्याकडे राम तो सुरुवात करतो, रात्री ज्याच्याकडे कृष्ण तो. "न्या आणि खेळा," त्या म्हणाल्या. "नुसती ठेवू नका."

छोट्या आकाराचा संच घेतला आणि आंबोली घाटाने वर चढलो. धुकं होतं. ओंकार गाडी चालवत होता आणि मी मांडीवर डबी घट्ट धरून बसले होते.

सांगलीला पोचेपर्यंत नऊ वाजले. आई जेवायची थांबलेली. जेवणं झाल्यावर सतरंजीवर पांढरं फडकं अंथरलं आणि पानं पिसली. आईने चष्मा लावून एक पान उजेडाकडे धरलं नि म्हणाली, "हा वामन. याच्या हातात कमंडलू आहे बघ." वाटणी झाली. ओंकारने पानं पंख्यासारखी धरायचा प्रयत्न केला. गोल पानं निसटून फडक्यावर पडली, ती त्याने पुन्हा गोळा केली.

"रात्र झाली," तो म्हणाला. "कृष्ण कुणाकडे आलाय?"

आईने हातातली चाळीस पानं एकेक करून बघितली. मग सावकाश गाईच्या रंगातला राजा फडक्याच्या मधोमध ठेवला.